एका झाडाची पंगत

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला धाकट्या बहिणीकडे जाण्याचा योग आला. चारमिनार, सालारजंग पूर्वीच पाहून झाले होते. म्हणून या वेळी भाच्याला घेऊन सकाळीच जुबिली हिल्समधील कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान गाठले. भर शहरातले हे सुमारे ३९० एकरांचे रान. १९९८ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

पायवाटेवर एका झाडापाशी आम्ही अर्धा तास नुसते उभे राहिलो. खाली पाचोळ्यात सातभाई एकेक पान उलटवून किडे टिपत होते. त्यांतला एक मात्र फांदीवर बसून राखण करीत होता. खोडावर सुतार पक्षी सालीखालच्या अळ्या काढत होता. माझ्या आईच्या कन्नडात तो 'मरकुटिग', म्हणजे झाड कुटणारा! पानांआड शिंपी पक्षी कीटक शोधत होता. वरच्या वाळक्या फांदीवर कोतवाल टपलेला. खालून किडा उडाला की हवेतच झेलायचा आणि पुन्हा जागेवर. झाड एकच, पण प्रत्येकाचे पान वेगळे वाढलेले.

भाच्याने विचारले, "मामा, इथला पाला कुणी झाडत कसा नाही?"

"अरे, झाडला तर सातभाईंचे ताटच उचलल्यासारखे होईल," मी म्हणालो खरा, पण मनात चरकलो. आदल्या वर्षी परसातला वाळलेला कडुनिंब मीच तोडून घेतला होता. तेव्हापासून सुतार दिसला नव्हता. त्याचे कारण इथे उमगले.

१९३०च्या दशकाच्या आरंभी सालिम अलींनी निजामाच्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा तेव्हा त्याच संस्थानात होते. म्हणजे ही पाखरे आपल्याला परकी नाहीत.

मार्च २०२५ अखेर याच शहरात, हैदराबाद विद्यापीठालगत कांचा गच्चीबावली येथील ४०० एकरांवर झाडतोड सुरू झाली. विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. 'दुसरीकडे झाडे लावू' म्हणणे सोपे असते. रोप एका दिवसात लावता येते. पाचोळ्याचा थर, पोखरलेले खोड, वाळकी फांदी यांना वर्षे जावी लागतात, आणि पाखरांचे पोट त्यांवरच चालते.

घरी परतल्यावर परसातला पाला जाळणे बंद केले आहे. शेजारी हसतात. हसू देत. परवा सकाळी दोन सातभाई येऊन गेले!