साडेचार एकर

बर्गंडींतील वोन-रोमाने गांवीं आम्ही एका बुटक्या गडग्यापाशीं उभे होतों. पलीकडे ‘रोमाने-कोंती’चा द्राक्षमळा, अवघा साडेचार एकर. त्याच्या तांबड्या मद्यांत शेजारच्या मळ्यांतील एक घडही चालत नाहीं. किंमत ऐकून आम्हांस हसूं आलें होतें. परंतु १९४५ सालीं किडीनें खंगलेल्या वेली उपटल्यावर, १९४६ ते १९५१ असे सहा हंगाम मालकांनीं त्या नांवाची बाटलीच भरली नाहीं, हें कळतांच तें हसूं मावळलें.

रात्रीं खाणावळींत, अळंबीं घालून मद्यांतच शिजविलेल्या कोंबड्याबरोबर, आम्हीं त्याच गांवचें साधें मद्य घेतलें. पिनो न्वार द्राक्षाची मृदु, किंचित् मातकट रुचि रश्श्याशीं सुरेख जुळली. घास मात्र उतरेना. दोन वर्षें मोहोर गळाला म्हणून विकून टाकलेली कोंकणांतील आमची आंब्याची बाग आठवत होती.