शेवटच्या गाडीपर्यंतचं सोलापूर

सोलापूरला जायचं ठरलं की आई आदल्या दिवशीच कापडी पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची. त्या पिशव्या दिसल्या की आमच्या आळीत न सांगताच कळायचं, ही मंडळी उद्या सोलापूरला निघाली. आण्णांनी रविवारी सांगोल्याच्या बाजारात खोंड विकलेला असायचा. खिलार जनावराचे पैसे धोतराच्या कनवटीला, आणि मंगळवारी पहाटेच्या एसटीत आम्ही चौघं.

मंगळवेढ्याला चहा. माचणूर मागे पडलं की बेगमपूरचा भीमेवरचा पूल, तिथं नदीत टाकायला आण्णा आम्हाला पाच-पाच पैसे द्यायचे. मग कामती, मग देगाव, आणि देगावपासून खिडकीत कोण बसणार यावरून भांडण. कारण तिथून गिरण्यांच्या चिमण्या दिसायच्या. दुष्काळी माणदेशातल्या पोराला झाडापेक्षा उंच काहीतरी दिसणं हेच अप्रूप होतं. माझी ही सोलापूरची पहिली आठवण १९७८ च्या दिवाळीची. मी दहा वर्षांचा होतो.

स्टँडवरून सगळं चालत. नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती. चाटी म्हणजे कापड विकणारा, हे आण्णांनी मला त्या गल्लीतच सांगितलं. दुकानात पांढऱ्याशुभ्र गादीवर पाय पुसून बसायचं. मालक आण्णांना ‘यावं पाटील’ म्हणायचे. आम्ही पाटील नव्हतो, पण खेडेगावच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तसंच म्हणत. नोकराशी तेलुगूत, शेजारच्या दुकानदाराशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत. थोरल्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता तिथंच बांधला. चार तास लागले. मध्ये चहा आला, धाकट्याला झोप लागली तर त्याच्या अंगावर दुकानातलीच चादर आली, आणि आईला अडचण झाली तेव्हा मालकांनी मागच्या दाराकडे बोट करून ‘घरात जाऊन या, वैनी’ असं सांगितलं. दुकानामागेच घर होतं. पेठेत राहणारी माणसंच पेठेत धंदा करत होती, हे त्या मागच्या दारामुळे मला पुढं कधीतरी उमगलं.

दुपारी मुरारजी पेठेत आत्याकडं जेवण. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दह्याचं पाणी. ही पेठ मोरारजी गोकुळदासांच्या नावाची. त्यांच्या काळात, १८७७ साली, सोलापूरची पहिली कापड गिरणी उभी राहिली, तीच जुनी मिल. मी सोलापूर पाहिलं तेव्हा जुनी मिल बंदच होती, पण बाकीच्या गिरण्या धडधडत होत्या आणि मामा, म्हणजे आत्याचे यजमान, त्यांतल्या एकीत सांचा चालवत. भोंगा झाला की आत्या घड्याळ न बघता कुकर चढवायची. पाळी सुटली की रस्ताभर सायकलींच्या घंट्या, आणि केसांत, भुवयांवर कापसाची पांढरी भुकटी घेतलेली माणसं. मला ती सगळी म्हातारी वाटायची. मामा अंघोळ करून आले की पंधरा वर्षांनी लहान दिसायचे.

एकदा ते मला चार पुतळ्यांपाशी घेऊन गेले. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरातून इंग्रजांचा अंमल काही दिवस उठला होता, मग लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मामांनी ती नावं मला एकापाठोपाठ एक म्हणायला लावली आणि म्हणाले, “ह्या चार नावांत आपली सगळी पेठ आली बघ.” इतिहासाच्या पुस्तकात सोलापूरचा धडा पुढं कितीदा वाचला, पण एवढं नेमकं वाक्य मला कुठं सापडलं नाही.

नव्वदच्या दशकात गिरण्या एकेक करून थांबल्या. मामांची थांबली तेव्हा त्यांचं वय बावन्न. काही दिवस ते सवयीनं डबा घेऊन निघायचे आणि सिद्धेश्वर तळ्याकाठी बसून परत यायचे, हे आत्यानं आईला सांगितलं, आईनं आम्हाला. पुढं पूर्व भागात एका यंत्रमागाच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं. पगार निम्मा. चादर-टॉवेलचं सोलापूर राहिलं, त्याला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकनही मिळालं, पण पगाराच्या दिवशी पेठेत जी गर्दी उसळायची ती गिरण्यांबरोबर गेली.

आणि आम्हीही गेलो, हे कबूल केलं पाहिजे. पेठ एकट्या गिरणी कामगारांवर जगत नव्हती. आमच्यासारख्या तालुक्याच्या गिऱ्हाइकावरही जगत होती. त्याच काळात सांगोल्याचं नशीब पालटत होतं. गणपतराव देशमुखांच्या पुढाकारानं उभी राहिलेली शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी चालली होती. माळावर डाळिंब आलं. १९२७ मध्ये आलेली बार्शी लाइटची नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज आली, आणि २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली ती सांगोल्याहून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. आमचं डाळिंब कोलकात्याला निघालं. मग कापडासाठी, मोटारीच्या पंख्यासाठी, साध्या डॉक्टरसाठी सोलापूर कशाला? ते सगळं सांगोल्यातच मिळू लागलं. पुतण्याच्या लग्नाचा बस्ता आम्ही गावातच बांधला. पेठेतून एक गिऱ्हाईक कमी झालं आणि आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं. त्यानंतरची काही वर्षं मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा गावठाण खणलेलं होतं. आता बरंच काही उभं आहे, आणि त्यातलं चांगलं ते मोकळ्या मनानं चांगलं म्हणतो. रंगभवनापासून पार्क चौकापर्यंतचा रस्ता रुंद झाला, पायी चालणाऱ्याला त्यावर जागा मिळाली. पार्कच्या मैदानाचं रूप पालटलं आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथं रणजीचा सामना झाला. पॉली उमरीगर ज्या गावात जन्मले त्या गावाला एवढा मान हवाच. सगळ्यात जास्त मला इंद्रभुवननं सुखावलं. अप्पासाहेब वारदांचा हा दगडी प्रासाद पुढं महापालिकेचं कार्यालय झाला आणि फायलींखाली, वायरींखाली दबून गेला होता. त्याची दुरुस्ती झाल्यावर संध्याकाळी दिव्यांत पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून नुसता उभा राहिलो. लहानपणी ह्याच इमारतीवरून किती वेळा गेलो असेन, पण वर मान करून पाहिलं नव्हतं.

पण सोलापूरकराला पेठेबद्दल विचारा, तो आधी नळाचं बोलतो. चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी. उजनीपासून ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी घालायचं काम त्याच्या दृष्टीनं कुठल्याही चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा मोठं, आणि माझ्याही. पेठेत माणसं राहिली तरच दुकानाला मागचं दार राहील. पाण्यावाचून वैतागून ती लांबच्या अपार्टमेंटात गेली की दुकानं उरतात, रात्री शटर पडतं आणि दिवे रिकाम्या रस्त्यावर जळत राहतात.

दिवाळीआधी बायकोला घेऊन गेलो होतो. महामार्ग चौपदरी झालाय, दीड तासात पोचलो. नवी पेठेत गाडी लावायला वीस मिनिटं, दोन चादरी घ्यायला दहा. तिनं दुकानातल्या पोराला हळूच जे विचारलं, ते आईनं तेव्हा न विचारताच मालकांना कळलं होतं. पोरगा बिचारा गोंधळला, त्यानं एका हॉटेलाचं नाव सांगितलं. आम्ही तिथं दोन चहा मागवले, नको असताना. रस्ता नवा करताना तालुक्याहून आलेल्या बाईचा विचार कुणीतरी करायला हवा होता, एवढं मला तिथं बसून फार तीव्रतेनं वाटलं.

तीन वाजता आम्ही परत निघालोसुद्धा. लहानपणी शेवटची गाडी रात्रीची असायची आणि ती सुटेपर्यंतचा मिनिट न् मिनिट आम्ही सोलापुरात घालवायचो. आता गाडी स्वतःची, कधीही निघता येतं, म्हणून लवकर निघतो.

वाटेत मुरारजी पेठेत थांबलो. आत्या आता नाही. मामा ऐंशीच्या पुढं, खुर्चीवर दारात बसलेले. चादरीची घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा न लावता कापडावरून अंगठा फिरवला, काठ उलटा करून पाहिला, दोन बोटांत चुरगाळून सोडला.

“सूत बरं आहे,” म्हणाले. “कुठल्या मागावरचं, विचारलंस का?”

मी विचारलं नव्हतं.