मिरगाआधीची हवा

रत्नागिरीच्या किनारपट्टीवरच्या मुसलमान वस्त्यांचं समुद्रापलीकडच्या मुलखाशी नातं जुनं आहे. आधी आमची माणसं जहाजांवर खलाशी म्हणून जात, १९७० नंतर गल्फला जाऊ लागली. कमावता पुरुष तिकडे आणि घर इकडे, मधे अरबी समुद्र. पत्राला पंधरा-वीस दिवस लागत. कुणी येणार असेल तर त्याच्या हाती टेप केलेली कॅसेट यायची आणि सगळं घर तिच्याभोवती बसायचं. अशा काळात वर्षातले मोजके दिवस हे अंतर हवाच मिटवून टाकत असे.

माझे अब्बा मस्कतला सुतारकाम करत. १९८५ साली सुटीवर येताना त्यांनी रंगीत टीव्ही आणला. आमच्या गावात दूरदर्शन दिसायचं ते मुंग्यांनी भरलेलं. मे महिन्यात एका संध्याकाळी धाकट्या भावानं सहज चॅनेलचं बटण फिरवलं आणि पडद्यावर स्वच्छ चित्र उभं राहिलं. पांढरे झगे घातलेली माणसं, खाली अरबी अक्षरं. अम्माला अरबी कळत नव्हती, पण कुरआन वाचल्यामुळे अक्षरओळख पक्की होती. पडद्याजवळ जाऊन तिनं एकेक हर्फ जोडला आणि म्हणाली, "उमान. तुझ्या अब्बांचा मुलूख."

तासाभरानं चित्र विरघळलं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ते पाच-सहा वेळा आलं. अम्मा रोज संध्याकाळी चूल लवकर आवरून बसायची. तिथल्या बातम्यांतलं तिला काही समजत नसे. ती रस्ते बघायची, इमारती बघायची. त्यातली एखादी अब्बांच्या हातची असेल, असं तिला वाटे. मग मिरगाचा पाऊस आला आणि चित्र बंद झालं ते बंदच.

मला तेव्हापासून एकच प्रश्न छळत होता. मस्कत आमच्यापासून सुमारे १,७०० किलोमीटर. टीव्हीच्या लहरी एवढं अंतर कापून आल्या कशा?

या लहरींना व्हीएचएफ म्हणतात. ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. बीबीसीची उर्दू सेवा आपण शॉर्टवेव्हवर ऐकत होतो, त्या लहरी आकाशातल्या आयनांबरावर आपटून परत जमिनीवर येत. व्हीएचएफ लहरी मात्र बहुतेक वेळा आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात. जमिनीवर पृथ्वीची गोलाई आडवी येते. दहा मीटर उंचीवरच्या अँटेनाचं रेडिओ क्षितिज जेमतेम १३ किलोमीटरवर असतं. शंभर मीटरची टेकडी गाठली तर ४० किलोमीटरच्या आसपास. त्यापलीकडे लहर डोक्यावरून निघून जायला हवी.

पण हवा म्हणजे पोकळी नव्हे. तिच्यातून जाताना प्रकाश वाकतो, तशी रेडिओलहरही वाकते. आपण समुद्रकिनारी उभे असतो, सूर्याचं बिंब पाण्याला टेकलेलं दिसतं, तेव्हा तो खरं तर क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेनं त्याचे किरण वाकवून आपल्यापर्यंत आणलेले असतात. हवेतून येताना ताऱ्यांचा प्रकाश वळतो, याचा विचार अकराव्या शतकात इब्न अल-हैसमनं आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात केला होता.

एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर उलटं घडतं. अरबस्तानच्या वाळवंटावरची तापलेली, कोरडी हवा समुद्रावर सरकते. खाली पाण्याला लागून तुलनेनं गार, दमट हवा असते. दमट आणि कोरड्या हवेच्या या सांध्यावर लहर इतकी वाकते की वर निसटू शकत नाही. वरून कोरड्या थराची झाकण, खालून समुद्राचं पाणी, आणि मधे शेकडो किलोमीटर लांबीचं एक भुयार. लहर त्यात अडकते आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत पुढे जाते. इंग्रजीत याला डक्ट म्हणतात. पावसाळी वारे सुटले की दोन्ही थर घुसळले जातात आणि भुयार मोडतं. म्हणून आमच्या घरातलं मस्कत मिरगाबरोबर गेलं.

हे सगळं मला हॅम रेडिओच्या नादानं कळलं. हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर वायरलेसवर बोलणारा माणूस. आपल्याकडे त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. १९९३ साली मी पास झालो आणि चौकशीसाठी घरी एक पोलीस आला. ते वर्ष कसं होतं, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. गावात कुणीतरी आधीच बोललं होतं, या घरात बाहेरच्या देशाचं टीव्ही लागतं.

"काय रे, तुझा अँटेना पश्चिमेकडे कशाला?" त्यानं विचारलं.

"साहेब, पूर्वेला डोंगर आहे," मी म्हणालो.

ते खरंच होतं. पण त्याचं समाधान झालं नाही. तिकडे कुणाशी बोलणार, कुठल्या भाषेत, पैसे कोण देतं, असे प्रश्न तो विचारत राहिला. अम्मानं त्याला चहा दिला. तिचा हात थरथरत होता. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "बाबा, सोड हा नाद. आपल्या घराला नाही परवडायचा."

मी सोडला नाही. हॅमचं बोलणं सगळं उघड्यावर असतं, कुणीही ऐकावं. सांकेतिक भाषेला मनाई, धंद्याचं, राजकारणाचं बोलायला मनाई. चोरून काही करायचं असेल तर याहून गैरसोयीचं साधन शोधून सापडणार नाही. परवाना यायला दोन वर्षं लागली, पण आला.

पुढे वाचनात एक गोष्ट आली. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला सुमारे २०० मेगाहर्ट्झवर चालणारं रडार होतं. उन्हाळ्यात त्याच्या पडद्यावर हजार मैल नि त्याहून दूरच्या अरबस्तानचे प्रतिध्वनी उमटत. म्हणजे आमच्या टीव्हीनं १९८५ साली जे केलं, ते सरकारी रडारनं चाळीस वर्षं आधी करून ठेवलं होतं. ते मी अम्माला वाचून दाखवलं. "मग त्या रडारची चौकशी झाली का?" असं तिनं विचारलं.

अशी भुयारं इतर समुद्रांवरही होतात. ८ जुलै १९५७ रोजी कॅलिफोर्निया आणि हवाई इथल्या दोन हौशी रेडिओवाल्यांनी १४४ मेगाहर्ट्झवर एकमेकांशी संपर्क साधला. मधे सुमारे ४,००० किलोमीटरचा पॅसिफिक होता. वाटा आणखीही आहेत. शंभरेक किलोमीटर उंचीवर उल्कांच्या धुळीतल्या लोह-मॅग्नेशियमच्या आयनांचे पातळ थर कधी साचतात आणि व्हीएचएफ लहर दोनेक हजार किलोमीटरवर परतवतात. उल्का जळते तेव्हा तिच्या मागच्या रेघेवरूनही लहर परततेच, पण निमिषभर. तेवढ्यात निरोप पोचवायचा. त्यासाठीची संगणक प्रणाली २००१ मध्ये जो टेलर यांनी केली. १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेला हा शास्त्रज्ञ स्वतः हॅम आहे. काही जण तर चंद्रावर लहर मारतात. ती पावणेआठ लाख किलोमीटरचा फेरा करून अडीच सेकंदांनी परत येते.

अब्बा २००३ मध्ये कायमचे परतले आणि सहा वर्षांनी गेले. समुद्रावर ते अरबी चित्र पुन्हा दिसलं नाही, कारण तसे टीव्हीच उरले नाहीत. माझ्या भाच्याची बायको मस्कतला आहे, ती रोज मोबाइलवर समोर दिसते. अंतराची ती तगमग आता कुणाला समजावून सांगता येत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही.

माझी मुलगी मागच्या वर्षी हॅमची परीक्षा पास झाली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना ती गच्चीवर हातातला सेट घेऊन उभी राहते. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असतं, म्हणून त्याचं क्षितिज चोहोकडे दोन हजारांहून जास्त किलोमीटर पसरतं. आमचा गाव आणि मस्कत, दोन्ही एकाच वेळी त्यात मावतात. तिच्याही परवान्यासाठी चौकशी येईल, म्हणून मी कागदपत्रं काढून ठेवली होती. कुणी आलं नाही. परवाना आला तेव्हा अम्मानं पाकीट हातात घेऊन पाहिलं, नातीला जवळ ओढलं आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला.