एक कोंबडी आणि घरभर माणसं

मंगळूरकडची रोट्टी पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती खायची वस्तू वाटतच नाही. वहीच्या पुठ्ठ्यासारखी कडक, पांढुरकी, चौकोनी. बोटानं टिचकी मारली तर वाजते. उकडा तांदूळ भिजवून गंधासारखा बारीक वाटायचा, मीठ घालून तापल्या तव्यावर अगदी पातळ पसरायचा आणि त्यातलं पाणी पार उडेपर्यंत भाजायचा. मग ती रोट्टी आठवडेच्या आठवडे टिकते. आता घरी कुणी करत बसत नाही, पाकिटं मिळतात. 1998 साली कोकण रेल्वेवरून मत्स्यगंधा सुरू झाली, त्याच्या आधी ही पाकिटं घाटातली वळणं सोसत, एसटीच्या टपावरून मुंबईला यायची. निम्मी चुरा होऊनच पोचायची. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. शेवटी ताटात तिचे तुकडेच करायचे असतात.

तुकडे करायचे आणि त्यावर कोंबडीची गस्सी ओतायची, चांगली कढत, सढळ हातानं. यानंतर बोलायला वेळ नसतो. खालचा थर भिजत असतो, वरचा अजून कुरकुरीत असतो आणि त्या दोन अवस्थांच्या मधेच जेवण उरकायचं असतं. माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, मुंबईत मुरलेल्या मराठीत सांगतात, "पहिला घास वाजला पाहिजे, शेवटचा चावायला लागू नये." लग्नानंतर या घरात मी जे शिकले त्यात हे पहिलं. तुळू नंतर आली, तीही अर्धीमुर्धी.

मामींचं माहेर कार्कळजवळ. त्यांच्या स्वयंपाकाला मापं नाहीत, पण क्रम आहे आणि तो मोडलेला त्यांना खपत नाही. कढईत खोबरेल तेलाचा हात फिरवून आधी बेडगी मिरच्या. सुरकुतलेल्या, लांबट, रंगाला भडक आणि तिखटाला बेताच्या. एका कोंबडीला 15 तरी लागतात. मंद आचेवर त्या फुगून हलक्या झाल्या की काढायच्या. मग मूठभर धणे, मग जिरं, थोडी मिरी. मेथी सगळ्यात शेवटी आणि मोजकेच दाणे, कारण ती क्षणभर जास्त भाजली गेली की अख्खं वाटण कडू. त्यानंतर लसूण, कांदा आणि भरपूर ओलं खोबरं, तेही तांबूस होऊ न देता फक्त ओल जाईपर्यंत. हळद आणि चिंचेचं बुटुक घालून हे सगळं पूर्वी दगडी रगड्यावर वाटलं जायचं. आता मिक्सर आहे. मामी मिक्सरला नावं ठेवत नाहीत. रगडा फिरवून ज्यांचे खांदे दुखले आहेत त्या बायका रगड्याच्या आठवणीनं हळव्या होत नाहीत, हे मी त्यांच्याकडे पाहून म्हणते. हळवे होतात ते त्यांचे मुलगे.

कोंबडी निम्मी शिजली की वाटण, मग नारळाचं पातळ दूध, उकळी येऊन गेल्यावर जाड दूध, आणि वरून खोबरेल तेलात लाल केलेल्या कांद्याची फोडणी. जाड दूध पडल्यावर खदखदू द्यायचं नाही, नाहीतर ते फाटतं. एवढं सगळं झाल्यावर पातेल्यात डोकावलं की कोंबडी दिसत नाही. दिसतो तो रस्सा, काठोकाठ, नारिंगी-लाल, वर तेलाचे डोळे.

सुरुवातीला मला हे चमत्कारिक वाटायचं. एवढा नारळ, एवढी मेहनत आणि पळीला तुकडा लागायला शोधाशोध. मग एकदा मामी आपल्या लहानपणीचं सांगत बसल्या तेव्हा उलगडलं. घरात माणसं 20-22, गडी वेगळे. कोंबडी एक. तीही अंगणात उंडारणारी, ऊर्द कोरि, म्हणजे गावठी. पायानं दणकट आणि अंगानं सडसडीत. तिच्यावर मांस ते किती असणार? पण परसात नारळ होते आणि कोठीत तांदूळ होता. म्हणून रस्सा वाढला, त्यात नारळ आला, आणि रस्सा पिऊन पोट भरेल अशी रोट्टी त्याच्या जोडीला बसली. एका कोंबडीत घरभर माणसं जेवली पाहिजेत, या हिशेबातून गस्सी झाली आहे. चव त्या हिशेबाच्या मागोमाग आली.

हे कळल्यावर मला माझं साताऱ्याकडचं माहेर आठवलं. तिथे नारळ नाही, सुकं खोबरं आणि तीळ. रोट्टी नाही, ज्वारीची भाकरी. पण ताटात भाकरी कुस्करून वर वाटीभर पातळ कालवण ओतायचं आणि पाहुणा अचानक दारात उभा राहिला तर आजीनं आत जाऊन गुपचूप तांब्याभर गरम पाणी रश्श्यात सोडायचं, हे तेच गणित. घाटावर पाणी वाढायचं, घाटाखाली नारळाचं दूध वाढायचं. चवीनं एकमेकांना ओळखही न दाखवणारे हे दोन रस्से एकाच अडचणीतून निघाले आहेत.

तुकडे कमी असले की त्यांची वाटणी हा मोठा विषय होतो. मामींच्या बंट समाजात पूर्वी अळियसंतान पद्धत होती; मालमत्ता मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलांकडे जायची, कुळ आईकडून चालायचं. घरातला कर्ता पुरुष म्हणजे आईचा भाऊ. त्यामुळे मामींच्या घरी तंगडी वडिलांच्या ताटात नाही, मामाच्या ताटात पडायची. वडील त्या घरात तसे पाहुणेच. पोटा-कलेजी पोरांना, तीही निखाऱ्यावर भाजून, जेवणाच्या आधी, म्हणजे पोरं नंतर तुकड्यासाठी भांडत नाहीत. मान आणि पंखांची टोकं स्वयंपाकघरात उरलेल्या बायकांना. मामी आजही मान स्वतःला घेतात. आवडते म्हणतात. आवड कुठून सुरू झाली हे विचारायची माझी छाती नाही.

कोंबडी कापायला निमित्त लागायचं. आटि महिना, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तुळुनाडूत तंगीचा. लावणी झालेली, कोठी रिकामी होत आलेली, पाऊस थांबायचं नाव नाही. जेवणात टाकळा, अळूचं पत्रोडे, जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. पण याच महिन्यात नवी लग्न झालेली मुलगी माहेरी राहायला येते आणि तिच्यासाठी एक कोंबडी नक्की कापली जाते. दुसरं निमित्त दैवाचं, म्हणजे तिकडच्या राखणदार देवतेचं. त्यातल्या पंजुर्लीचं नाव 2022 मध्ये 'कांतारा' सिनेमा आल्यापासून मराठी घरांतही माहीत झालं आहे. माझ्या सासरी वर्षातून एकदा दैवासमोर पान मांडतात तेव्हा कोंबडी कापण्यापासून शिजवण्यापर्यंत सगळं पुरुष करतात. त्या दिवशीची गस्सी जरा भरडच वाटलेली असते, मीठही पुढे-मागे होतं. मामी ती प्रसाद म्हणून खातात आणि अवाक्षर काढत नाहीत. एरवी मिठाचा खडा कमी पडला तरी त्यांना कळतो.

मग 1974 आलं. कर्नाटकात देवराज अर्स यांच्या सरकारनं कूळकायदा कडक केला, कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली. झालं ते न्यायाचंच झालं, हे मामीही मान्य करतात, जरा थांबून. त्यांच्या घरची भातशेती गेली, घराभोवतीचे माड राहिले. घरातली पोरं एकेक करून मुंबईला हॉटेलांत कामाला लागली. त्याआधीही लागत होतीच. माझे सासरे दिवसा टेबलं पुसत आणि संध्याकाळी कन्नड रात्रशाळेत जात. ज्या शेट्ट्यांच्या इडली-डोशावर निम्मी मुंबई वाढली, त्या हॉटेलांत गिऱ्हाइकाला अंडंसुद्धा मिळायचं नाही. मालकाच्या घरी रविवारी गस्सी. सासऱ्यांच्या आठवणीत तो रविवार मालकीणबाईंच्या हातचा आहे: जिन्यावर ओळीनं बसलेली पोरं, पानावर रोट्टीचा चुरा आणि पुन्हा पुन्हा फिरणारी रश्श्याची पळी. तुकडा एकदाच यायचा. पळीला बंधन नव्हतं.

आता कोंबडीला निमित्त लागत नाही. मुलुंडच्या आमच्या गल्लीत ब्रॉयलरची तीन दुकानं आहेत, घरात माणसं पाच. फ्रीजमध्ये किलोभर तुकडे पडलेले असतात आणि महाग काय असेल तर नारळ. सगळं उलटं झालं आहे, फक्त मामींचं पातेलं तेवढंच राहिलं आहे. मी अर्ध्या नारळात भागवते; त्या दोन फोडतात. माझ्या मुलीला तुकडे जास्त आणि रस्सा अंगाबरोबरचा आवडतो, तिच्यासाठी मामी सुक्का करतात, भरड खोबरं, लसूण आणि जिऱ्याचा, आणि चांगला करतात. पण त्याला त्या जेवण म्हणत नाहीत. सुक्का म्हणजे त्यांच्या लेखी तोंडी लावणं. उरलेली गस्सी दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यासारख्या पातळ पिठाच्या नीर डोशांबरोबर संपते, आणि खरं सांगायचं तर रात्रीपेक्षा सकाळीच ती जास्त चांगली लागते. रात्रभरात मिरची, चिंच आणि नारळ यांचं आपसात काहीतरी ठरलेलं असतं.

परवा नवऱ्याच्या बढतीनिमित्त सगळे फोर्टमधल्या एका मंगळुरी हॉटेलात गेलो, नणंदही आली होती. चिकन घी रोस्ट मागवलं. हा पदार्थ कुंदापूरच्या शेट्टी लंच होमचा म्हणून ओळखला जातो; तुपात परतलेली बेडगी, भाजलेल्या मसाल्याचा जाड लेप, रस्सा शून्य. प्लेट आली, झकास दिसत होती. मामींनी एक तुकडा खाल्ला, मान डोलावली, "तूप चांगलं आहे," म्हणाल्या. मग त्यांनी टेबलाभोवतीची माणसं मोजली आणि प्लेटमधले तुकडे मोजले.

"अजून एक प्लेट सांगू का?" नवऱ्यानं विचारलं.

"प्लेट कशाला?" मामी म्हणाल्या. "रस्सा मागव की."