शाळा सुटल्यानंतरचे घर

मुळा-मुठेच्या काठचे खराडी हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याआधी येथे शेती कशी होती, हे सांगणारी वडीलधारी माणसे गावठाणात अजूनही भेटतात. आज त्याच परिसरात इऑन आय.टी. पार्क व वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्याभोवती मजल्यावर मजले चढवीत वसाहती वाढत चालल्या आहेत. या वसाहतींत नागपूर-लातूरपासून कोलकात्यापर्यंतचे अभियंते आले. त्यांच्यामागोमाग गवंडी, रखवालदार, चालक आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया आल्या. आपल्या समाजातीलही कित्येक कुटुंबे नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, याच नगर रस्त्याने पुण्यात येऊन स्थिरावली. या साऱ्यांची भाषा, मिळकत व राहणी भिन्न आहे. परंतु एक गोष्ट मात्र सर्वांनीच मागे ठेवली आहे, ती म्हणजे घरातली आजी.

आजी मागे राहिल्यामुळे खराडीतील दुपार पोरकी झाली. काही शाळा साडेबारास सुटतात, काही तीनला. आईवडील मात्र सातच्या आधी घरी पोहोचत नाहीत. मधल्या काळात मूल कुठे असावे, त्याने काय खावे, पडले-लागले तर कोणाला हाक मारावी, या प्रश्नांना गावी उत्तर होते. शहरात ते विकत घ्यावे लागते आणि ज्यांना विकत घेणे परवडत नाही, त्यांच्या घरी दाराला बाहेरून कडी लागते.

आम्ही उभयता निवृत्त झाल्यावर, २०१५ साली, आमच्याच इमारतीतील सहा मुले दुपारची आमच्याकडे येऊ लागली. आमच्यापैकी एकाची हयात प्राथमिक शाळेत गेली होती आणि दुसऱ्याची बँकेच्या खातेवह्यांत. पुढे या कामाला दोन्ही विद्या लागल्या. सहाची दहा झाली, दहाची सोळा. मुलांचा गलबला आणि लिफ्टची ये-जा यांविषयी शेजाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. त्या अगदीच निराधार होत्या असे म्हणता येणार नाही. तेव्हा जवळच एका जुन्या बंगल्याचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला. त्याला अंगण होते आणि अंगणात चिकूचे झाड होते. भाड्याच्या मानाने जागा लहान होती, पण झाडाकडे पाहून आम्ही होकार दिला.

असे घर बाहेरून सोपे दिसते, परंतु ते चालते बारीकसारीक नियमांवर. कोणते मूल कोणत्या गाडीने, किती वाजता उतरणार, याची नोंदवही रोज दुपारी बाराला उघडते. मूल न्यायला कोण येणार, त्यांची नावे व छायाचित्रे आधीच घेतलेली असतात. त्या यादीत नसलेल्या सख्ख्या काकांनाही आईचा दूरध्वनी आल्याशिवाय मूल सोपवले जात नाही. आल्याबरोबर हातपाय धुणे, जेवण आणि अर्धा तास पडून राहणे. त्यानंतर गृहपाठ, पण तोही पाऊण तासच. कारण शाळेत सहा तास बसून आलेल्या मुलाला पुन्हा बसवून ठेवणे म्हणजे शाळाच लांबवणे होय. चारला खाऊ असतो : पोहे, उपमा, थालीपीठ किंवा केळे. ज्यांना शेंगदाणे चालत नाहीत त्यांची नावे स्वयंपाकघराच्या दारावर लावलेली आहेत. पाचनंतर अंगण मोकळे. अंगात ताप असलेले मूल घेतले जात नाही. हा नियम आयांना फार कठोर वाटतो. पण दुसऱ्या दिवशी चार मुले तापाने फणफणली की त्याच आया तो नियम इतरांना समजावून सांगतात.

सर्वांत अवघड प्रश्न उशिराचा. नगर रस्त्यावर वाहने अडली की सातचे आठ होतात. उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावावा, अशी सूचना वारंवार आली. या संदर्भात एक गोष्ट वाचकांना रंजक वाटेल. इस्राएलमधील हैफा शहरात उरी ग्नीझी व आल्डो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांचा अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सहा पाळणाघरांत उशिरा येणाऱ्यांना दंड लावण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी तो जवळजवळ दुप्पट झाला आणि दंड रद्द केल्यावरही पूर्वपदावर आला नाही. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवले याची पालकांना भीड वाटे. पैसे भरू लागल्यावर ती भीड संपली. उशीर ही एक विकतची वस्तू झाली. आम्ही दंड लावला नाही. त्याऐवजी, जी मावशी थांबते तिला घरी पोहोचायला किती वाजतात आणि तिची वाट कोण पाहत असते, एवढेच पालकांना सांगू लागलो. उशीर पुष्कळ कमी झाला.

परंतु हे सांगता सांगता आमच्यापुढेही एक प्रश्न उभा राहिला. मावशीची वाट खरोखर कोण पाहत असते?

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि आमचे घर बंद झाले. २०२२ साली ते पुन्हा उघडले तेव्हा अकरा मुले होती. वर्षभरात ती चाळीस झाली. लहान आठ मुलांमागे एक आणि मोठ्या पंधरांमागे एक मावशी, असा आमचा दंडक आहे. त्यानुसार चार मावशी लागल्या. त्याच वेळी गैरहजेरीचे सत्र सुरू झाले. एकजण आठवड्यातून दोन दिवस येईना, दुसरी न सांगता काम सोडून गेली. पगार वाढवूनही फरक पडेना. तेव्हा आम्ही वस्तीत जाऊन त्यांची घरे पाहिली.

एका मावशीच्या पत्र्याच्या खोलीत तिची दहा वर्षांची मुलगी तीन वर्षांच्या भावाला सांभाळीत बसली होती. मुलगी पाचवीत होती. आई आमच्याकडे आली की ती घरी राही आणि मुलगी शाळेत गेली की आई आमच्याकडे येत नसे. म्हणजे आमच्याकडे मावशी हजर असलेला प्रत्येक दिवस हा त्या मुलीच्या शाळेतील गैरहजेरीचा दिवस होता. दोन हजेरीपट जणू एकाच तराजूच्या दोन पारड्यांत होते.

हे दुखणे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा त्यांनाही हेच आढळले. मुले शाळेत येत नसत, कारण कोणी गुरे राखी तर कोणी धाकट्या भावंडाला. म्हणून मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी फुलली. आणि पुढे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. धाकटे पाळणाघरात निजले की थोरली शेजारच्या वर्गात बसू शकते. इतकी साधी गोष्ट. परंतु ती सुचण्यासाठी धाकट्याला कडेवर घेतलेली थोरली दिसावी लागते.

शहरातही ती दिसली होती. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. ते काम पुढे मुंबई-पुण्यात पसरले आणि पुण्यात आज तारा मोबाइल क्रेशेस या नावाने परिचित आहे. रोममध्ये मरिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, सान लोरेन्झो या श्रमिक वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मोकाट राहिलेली मुले भिंती व जिने खराब करतात, ही घरे बांधणाऱ्या मंडळींची अडचण त्याच्या मुळाशी होती. भिंती वाचवण्यासाठी निघालेल्या खोलीतून जगाला एक शिक्षणपद्धती मिळाली.

कायद्यानेही काही पावले टाकली. १९४८च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. २०१७च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण कारखाना कायद्याची तरतूद सहा वर्षांखालील मुलांसाठी होती, अंगणवाडीही सहा वर्षांपर्यंतच आणि केंद्र शासनाच्या 'पाळणा' योजनेची मर्यादाही तीच. सहाव्या वर्षी मूल शाळेत जाते, तेव्हा प्रश्न मिटला असे गृहीत धरलेले दिसते. शाळा सुटते, हे जणू कोणाच्या ध्यानी आले नाही. शिवाय जी स्त्री चार घरची धुणीभांडी करते, तिच्या मालकिणी चार असतात आणि आस्थापना एकही नसते.

आम्ही ठरवले की मावशींची मुले आमच्याच घरी येतील. वेगळ्या खोलीत नव्हे, त्याच सतरंजीवर. तोच खाऊ, तोच गृहपाठ, तेच अंगण. पालकांची सभा बोलावून तसे सांगितले. तेव्हा जे प्रश्न आले ते आम्ही येथे नोंदवतो, कारण ते विचारणारी माणसे वाईट नव्हती. "आम्ही पैसे भरतो, मग ती मुले फुकट का?" "आमच्या मुलांना त्यांच्या तोंडची भाषा लागली तर?" पहिल्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले, की ती मुले फुकट नाहीत, त्यांची आई तुमचे मूल सांभाळते, हेच त्यांचे शुल्क. दुसऱ्या प्रश्नाला आम्ही म्हणालो, की भाषा दोन्ही बाजूंनी लागते. शुल्क थोडे वाढवावे लागले. पाच मुलांची नावे काढली गेली. दोन महिने जागेचे भाडे आमच्या निवृत्तिवेतनातून गेले.

त्यानंतर मात्र एकही मावशी काम सोडून गेली नाही. जिचे मूल डोळ्यांसमोर आहे, तिचे लक्ष घड्याळाकडे राहत नाही. पाचवीतली ती मुलगी आता आठवीत आहे. शनिवारी ती लहानांना गोष्ट वाचून दाखवते आणि इंग्रजी शाळेतील मुले जोडाक्षरांसाठी तिच्याकडे धावतात. मुलांत भांडणे होत नाहीत असे नाही. होतात, आणि ती झोपाळ्यावरच्या पाळीवरून होतात, बापाच्या पगारावरून नव्हे.

मध्यंतरी एका गृहस्थांनी भांडवल घालण्याची तयारी दाखवली. खराडी, वाघोली, विमाननगर अशा शाखा, प्रत्येक खोलीत कॅमेरा, रंगीत भिंती. अट एवढीच, की 'ती व्यवस्था' बंद करावी, कारण तिने नावाला कमीपणा येतो. आम्ही नम्रपणे नकार दिला. वाढ नको होती असे नव्हे. आमच्या वहीत प्रतीक्षा यादी आहे आणि आता तिच्यात दोन प्रकारची नावे आहेत. त्याच इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया दारात येऊन विचारतात, "बाई, माझ्या पोराला घ्याल का?" चार शुल्क भरणाऱ्या मुलांमागे एक जागा अशा मुलासाठी, असा हिशेब आम्ही बांधला आहे; बँकेतील जन्म त्या हिशेबाच्या कामी आला. पण जागा संपली आहे, आणि दारातून परत पाठवलेली मुले कुठे जातात हे आम्हांस ठाऊक आहे.

पाळणाघरासाठी प्रचलित झालेला 'क्रेश' हा शब्द फ्रेंच आहे. फिर्मँ मार्बो यांनी १८४४ साली पॅरिसमध्ये श्रमिक मातांच्या बाळांसाठी घर उघडले, त्याला हे नाव दिले. त्याचा मूळ अर्थ गव्हाण. दरवर्षी नाताळात आपण हौसेने गवत पसरून ती सजवतो. बेथलेहेमची गव्हाण मात्र सजावटीसाठी नव्हती. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून जी जागा हाताशी होती ती कामास आली.

आपल्या अनेक धर्मग्रामांत सभागृहे आहेत. रविवारी ती गजबजतात, लग्नसराईत भाड्याने जातात. सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक ते सात, त्यांतील बहुतेकांना कुलूप असते. नेमके तेच तास हे त्या मुलांचे तास आहेत. एक सभागृह, दोन निवृत्त शिक्षिका, तीन मावशी, एक नोंदवही आणि खाऊचा डबा, एवढ्यावर तीस मुलांची दुपार निभावते. किती खर्च येतो, कोणते नियम लागतात, कोणत्या तक्रारी येतात, हे सारे सांगायला आम्ही तयार आहोत. आमच्या वह्या कोणालाही पाहता येतील. फक्त पहिल्या दिवशी पहिले नाव लिहिताना, मुले सांभाळायला जी मावशी येणार आहे, तिला एवढे विचारावे, की तिचे मूल आत्ता कुठे आहे.