नियमात बांधलेला शोक

४ डिसेंबर १९७६ रोजी इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन गेले, आणि पुढच्याच वर्षी एस्टोनियाच्या आर्वो पार्ट यांनी त्यांच्या स्मरणार्थ तंतुवाद्यवृंद आणि एक घंटा यांच्यासाठी ‘कान्टुस’ लिहिले. या छोट्या रचनेत ए मायनरच्या अवरोहाखेरीज जवळजवळ काहीच नाही. पहिली व्हायोलिन्स वरच्या ‘ए’पासून उतरू लागतात, परत वर जाऊन एक सूर अधिक खाली येतात, पुन्हा परततात, आणखी एक सूर उतरतात. दुसरी व्हायोलिन्स हेच निम्म्या लयीत करतात, व्हायोला त्याच्या निम्म्या, चेलो त्याच्याही निम्म्या. डबल बेसची लय पहिल्या व्हायोलिन्सच्या एक-सोळांश. एकदा हा नियम ठरला की पुढचा सूर कोणता, हे संगीतकाराच्या मर्जीवर फारसे उरत नाही.

मग हे नुसते गणित झाले, यात शोक कुठे आहे, असा आक्षेप येतो. मला तो शोक या गणितातच दिसतो. जो गट आपल्या शेवटच्या सुरावर पोचतो तो तिथेच थांबून सूर धरून ठेवतो. व्हायोलिन्स आधी पोचतात आणि बेस येईपर्यंत त्यांना सुटका नसते. दुःख सगळ्यांचे एकच, पण ते पचवण्याची प्रत्येकाची गती वेगळी, हे इथे शब्दांशिवाय सिद्ध होते. एखादी हृदयद्रावक धून घातली असती तर ती पार्ट यांची एकट्याची हळहळ ठरली असती. शिवाय हा साधेपणा असमर्थाचा नाही. पार्ट यांनी आधी बारा सुरांच्या कठीण पद्धतीत लिहिले होते. १९६८च्या ‘क्रेडो’ या रचनेनंतर बराच काळ जवळपास मौन पाळून, जुन्या चर्चसंगीताचा अभ्यास करून ते इथवर आले. रचनेच्या शेवटी तर घंटेचा अखेरचा ठोका तंतुवाद्यांच्या गजरात हलकेच पडतो, तेव्हा ऐकूच येत नाही. वाद्ये एकदम थांबली की त्याचा नाद वर येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शोक सुरांत नाही, शीर्षकात आहे. संगीतकार पेंडेरेत्स्की यांच्या ५२ तंतुवाद्यांच्या रचनेला हिरोशिमाचे नाव मागाहून दिले गेले, तरी श्रोत्यांना त्यात हिरोशिमाच ऐकू येते. हे मान्य करायलाच हवे. ‘कान्टुस’च्या सुरांतून ब्रिटन हे नाव कुणाला कळणार नाही. पण नाव पुसले तरी तो न चुकणारा उतार आणि ते थांबणे उरतेच. मायकल मूर यांच्या २००४च्या ‘फॅरनहाइट ९/११’ या चित्रपटात हे संगीत अमेरिकेवरील हल्ल्याच्या प्रसंगाला जोडले आहे. पण ज्या रचनेचा अर्थ सर्वांत संथ वाद्याच्या पोचण्यावर अवलंबून आहे, ती दृश्याच्या मागे वाजवण्यासाठी नाही. ती पडद्याविना, सलग आणि पूर्ण ऐका.