एका कार्डावर पाचजण

वाचनालयाचे कार्ड म्हणजे पंधरवड्याला एक पुस्तक घरी नेण्याचा परवाना, एवढेच समजणारे सभासद मला पंगतीत पहिल्या वरणभातावरच उठणाऱ्या पाहुण्यासारखे वाटतात. बिचारा जेवला हे खरे, पण पुढे काय काय वाढायचे होते याचा त्याला पत्ताच नाही! देवघेवीच्या टेबलावर नुकत्याच परत आलेल्या गठ्ठ्यातली वरची कादंबरी उचलायची आणि घरी यायचे, यावर वर्षानुवर्षे काढणारी माणसे मी पाहिली आहेत.

आमच्या घराला ही चैन परवडण्यासारखी नव्हती. कार्ड एकच, अण्णांच्या नावाचे; आणि वाचणारे पाच. मिळायचे एक पुस्तक नि एक मासिक. त्यामुळे पुस्तक उंबरठ्याच्या आत आले की त्याचे वेळापत्रक ठरे. दुपारी मागचे आवरून झाले की ते आईचे, दिवेलागणीनंतर अण्णांचे आणि रात्री आम्हा दोघा भावांच्या भांडणाचे. आक्काची पाळी पहाटे, बंब पेटवल्यावर. तिला दुसरी वेळच उरत नसे. पान दुमडायला सक्त मनाई होती, म्हणून खुणा ज्याच्या त्याच्या वेगळ्या. अण्णांचे एस.टी.चे तिकीट, आईचा दोरा, आक्काचे पिंपळपान. एकाच पुस्तकात पाच खुणा पुढेमागे चालत असत. कोण कुठे रेंगाळला, हे न विचारता कळे.

पुस्तक बदलण्याचे काम माझ्याकडे. आक्का माझ्यापाशी चिठ्ठी देई. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. पहिल्या चिठ्ठ्या पुस्तकांच्या नावांच्या असत. एकदा मात्र तिने नाव लिहिलेच नाही, सरळ प्रश्न लिहिला : घरी अभ्यास करून मॅट्रिकला बसता येते का? ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी दोनदा वाचली. मला म्हणाले, "बहिणीला सांग, बाहेरून बसता येतं. त्याची पुस्तकं आहेत, पण ती घरी न्यायची नाहीत. दुपारी इथंच येऊन बसायला सांग. गर्दी नसते."

यावर आमच्या घरात तीन दिवस अबोला होता. चौथ्या दिवशी आई पदर खोचून उठली आणि आक्काला स्वतः घेऊन गेली. अण्णा काही बोलले नाहीत. पण पुढच्या महिन्याची वर्गणी त्यांनी चार दिवस आधीच माझ्या हातावर ठेवली. आक्का दुसऱ्या वर्षी पास झाली.

तेव्हापासून वाचनालयात पुस्तकापेक्षा प्रश्न घेऊन जावे, असे माझे मत झाले आहे. विश्वकोश आता मोबाईलवर फुकट वाचता येतो, ही मोठीच सोय आहे. पण केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड कपाटात ओळीने उभे असले, की एक शोधताना शेजारचे दुसरेच हाती लागते, ती गंमत वेगळी. मासिकांचे जुने बांधीव अंक तर मागितल्याखेरीज कोणी दाखवीतही नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे, मुंबईचे 1898 सालचे. अशा जुन्या घरांच्या माळ्यावर काय काय असेल!

आणखी एक वस्तू टेबलाच्या कोपऱ्यात धूळ खात असते, ती म्हणजे सूचनावही. हवे ते पुस्तक तिच्यात लिहावे. सगळीच येतात असे नाही, पण खरेदीची यादी करणाऱ्यालाही कोणीतरी काही मागावे लागते. मी तर दर खेपेला एक पुस्तक असे आणतो, की ज्याच्या मागच्या कागदावर कित्येक वर्षांत तारखेचा शिक्का पडलेला नाही. कपाटे भरली की कोणाला बाहेर काढायचे ते ठरवताना तो कागदच पाहिला जाण्याचा संभव असतो. माझा एक शिक्का पडला, तर बिचाऱ्याचा मुक्काम वाढतो! यातली काही पुस्तके भिकार निघतात, हेही सांगून टाकतो.

राहता राहिली दिवाळी. 1909 साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायचीही सवय लागली. पण सगळे अंक विकत घ्यायचे म्हणजे बोनस पुरायचा नाही! त्यावर कितीतरी वाचनालयांनी तोड काढली आहे : ठरावीक रक्कम भरा आणि एकेक करून अंक नेत राहा. हाही अंक तुमच्या हाती तसाच आला असेल, तर शंकरपाळ्याचे तेलकट बोट जरा पुसून घ्या आणि वेळेवर परत करा. त्याच्यासाठी नाव नोंदवून कोणीतरी थांबलेले असेल.